अध्यक्षसाहेब, एकोणीस मिनिटांचा हिशेब

अध्यक्षसाहेब,

सप्रेम जय भीम. हा जय भीम पत्राच्या रिवाजापुरता घातलेला नाही. तो आपल्या भांडणाहून मोठा आहे, म्हणून आधी तो घालते आणि मग भांडायला बसते.

गावाचं नाव लिहीत नाही, मंडळाचंही नाही आणि तुमचंही नाही. ज्या गावानं आम्हाला चहा पाजला, त्याच्या माथी तुमचा दोष कशाला? वाशीम जिल्ह्यात असं गाव आहे, एवढं पुरे. तुम्ही वाचाल तेव्हा तुम्हाला ओळख पटायला वेळ लागणार नाही. १४ एप्रिलनंतरचा शनिवार. रात्री नऊ वाजून एकेचाळीस मिनिटांनी तुम्ही माझ्या हातात माईक दिलात. दहाच्या ठोक्याला बीट जमादार मंडपात आले. मधे एकोणीस मिनिटं. त्यातली चार माईकची शिट्टी बंद करण्यात गेली. दोन गाणी झाली. आणि साडेदहाला समाजमंदिराच्या पायरीवर माझ्या नवऱ्याच्या हातावर चार हजार रुपये ठेवून तुम्ही म्हणालात, "दोनच गाणे झाले न भाऊ. पुऱ्या प्रोग्रामचे पैसे कायचे?"

अकरा हजार ठरले होते. हजार रुपये इसार मार्चमध्येच दिला होतात. म्हणजे एकूण पाच मिळाले, सहा राहिले. माझा नवरा भांडखोर माणूस नाही. त्यानं नोटा मोजल्याही नाहीत, खिशात घातल्या आणि ढोलकला खोळ चढवू लागला. मी मात्र तुमचं ते वाक्य घरी घेऊन आले. वेळ तुम्ही खाल्लात आणि त्याचा हिशेब आमच्याकडून वसूल केलात. याला आमच्याकडे व्यवहार म्हणत नाहीत, चोरी म्हणतात.

तुम्हाला आमचा हंगाम कसा असतो ते ठाऊक नसावं, म्हणून सांगते. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला आमची गाडी घराबाहेर पडते. मग ११ एप्रिलला जोतिबा फुल्यांची जयंती, १४ ला बाबासाहेबांची, आणि तिथून बुद्ध पौर्णिमेपर्यंत गावोगाव मागेपुढे केलेल्या जयंत्या. सगळ्या गावांना चौदालाच गायन पार्टी मिळत नाही, म्हणून कुणी सोळाला ठेवतं, कुणी चोवीसला, कुणी मे महिन्यात. या तीन महिन्यांत पंचवीस-तीस तारखा लागल्या तर आमचं वर्ष निघतं. बाकीचे महिने मी लोकांच्या शेतात सोयाबीन निंदते आणि सोंगते, आणि हे घरांना रंग देतात. तारीख घेतली की ती आमची भाकर असते. तुमच्या गावासाठी आम्ही रिसोडकडची एक तारीख सोडली होती, कारण तुम्ही आधी फोन केला होतात आणि शब्द दिला की दिला.

त्या शनिवारी आम्ही दुपारी अडीचला निघालो. आमची मोटारसायकल तुम्ही पाहिलीत. पेटी गोधडीत गुंडाळून मागच्या कॅरिअरला बांधलेली, ढोलक पुढे टाकीवर आडवा, आणि मधे आम्ही दोघं. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातूनच जातो, कारंजा, शेलू बाजार, मालेगावच्या अंगानं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला तेव्हा आम्हालाही आनंद झाला होता. पण त्यावर दुचाकी चालत नाही. आम्ही त्याच्या पुलाखालून जातो. एप्रिलच्या उन्हात त्या रस्त्यावर तेवढीच गार सावली असते, म्हणून तिथे थांबतो, पाणी पितो, ओढणी भिजवून डोक्याला बांधतो. पुलाखाली आवाज घुमतो. मी तिथे सूर लावून पाहते, हे टाकीवरच ढोलकवर बोटं टाकतात. डोक्यावरून ट्रक धडधडत जातात आणि आम्ही खाली रात्रीचं पहिलं गाणं ठरवतो.

त्या दिवशी आम्ही सात गाणी ठरवली होती. चार माझी, एक यांचं आणि दोन जोडीची. जोडीच्या गाण्याची एक अडचण असते. मी काळी चारमध्ये गाते, यांचा गळा काळी एकला मोकळा होतो. दोघांनी एक गाणं म्हणायचं तर मधली पट्टी काढावी लागते. लग्नाला बावीस वर्षं झाली, आमची पट्टी काळी दोन. तिथे मला खाली उतरावं लागतं आणि यांना वर चढावं लागतं. गळा तापल्याशिवाय ते जमत नाही, म्हणून जोडीची गाणी नेहमी शेवटी असतात. तुमच्या गावानं ती ऐकलीच नाहीत.

रस्त्यानं मन रमत नाही असं नाही. होळीपर्यंत मंगरूळपीर-मानोऱ्याच्या बाजूला पळस असतो. एप्रिल लागला की कडुनिंबाच्या मोहराचा वास पुढ्यात येतो, आणि हरभरा निघालेल्या मोकळ्या रानांतून येणारी झळ तोंडावर बसते. रामनवमीच्या दिवसांत पोहरादेवीच्या यात्रेला निघालेल्या गाड्यांनी मानोऱ्याचा रस्ता भरून जातो. एका वर्षी त्याच रस्त्यावर आमचं चाक बसलं. तेलंगणातून सेवालाल महाराजांच्या दर्शनाला आलेल्या एका बंजारा कुटुंबानं आमच्या गाडीसकट आम्हाला टेम्पोत घेतलं. त्यातल्या बाईनं पेटी पाहिली आणि तिच्या बोलीतलं गाणं सुरू केलं. मला शब्द कळत नव्हते, चाल कळत होती, आणि मानोरा येईपर्यंत मी तिला सूर देत राहिले. अशा वाटेनं आम्ही तुमच्याकडे येतो, अध्यक्षसाहेब. पोटासाठी येतो, पण पोटापुरते येत नाही.

तुमच्या गावात पाच वाजता पोहोचलो. कार्यक्रम सातला होता, पत्रिकेवर तसं छापलं होतं. पंचशील ध्वज लागलेले, समाजमंदिराला नवा निळा रंग, आणि भोजनदानाच्या कढईत वांग्याची भाजी उकळत होती. बायकांनी आम्हाला आग्रहानं पुरी-भाजी आणि बुंदी वाढली. साडेसहाला यांनी ढोलक मिळवला. आमचा ढोलक नटबोल्टचा आहे, पान्यानं आवळावा लागतो. दुपारच्या उन्हानं चामडं ताणतं आणि सूर वर जातो. रात्री हवा उतरली की ते ढिलं पडतं आणि सूर खाली येतो. म्हणून ढोलक वाजवायच्या तोंडावर मिळवतात. यांनी तो साडेसहाला मिळवला, साडेसातला मिळवला, साडेआठला मिळवला आणि सव्वानऊला मिळवला. चौथ्या वेळी पाना घसरून यांच्या अंगठ्याचं साल निघालं. तुमच्याकडून ज्या हातानं त्यांनी नोटा घेतल्या, त्याच हाताला रुमाल गुंडाळलेला होता. तुम्ही विचारलं नाहीत.

मिरवणूक अजून गावातच होती, हे आम्हाला कळत होतं. डीजेचा ठोका जमिनीतून येत होता. ज्या खोलीत आम्हाला बसवलं होतं तिच्या खिडकीची काच कापत होती, भिंतीवरच्या फोटोची चौकट खिळ्यावर हलत होती. मी एक काम केलं. मी उठले, बाबासाहेबांच्या फोटोला हात लावून तो सरळ केला आणि मिरवणूक पुढे सरकेपर्यंत तसाच धरून उभी राहिले. पंधरा मिनिटं असतील. पोरं नाचत होती त्याचा मला राग नाही. वर्षभर मजुरीला जाणारी पोरं, त्यांच्या बापाची जयंती आहे, त्यांनी नाचावं. मीही लेझीम खेळलेली बाई आहे. डीजेवाल्याचाही राग नाही, त्यानंही कर्ज काढून खोकी घेतली असतील. माझा राग तुमच्यावर आहे, कारण घड्याळ तुमच्या हातात होतं.

नियम तुम्हाला चांगला माहीत होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद ठेवलेला आहे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंतची सूट देता येते. तुमचा शनिवार सूट दिलेल्या दिवसांत नव्हता. परवानगीच्या अर्जावर सही तुमचीच होती. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. तुमच्या डीजेनं ती संध्याकाळी सहापासून पायदळी तुडवली, तेव्हा कुणी आलं नाही. दहा वाजता जमादार आले आणि त्यांनी एका पेटीसमोरचा माईक बंद करायला लावला. जमादारांनी त्यांचं काम केलं. नियम डीजेनं मोडला आणि लागू झाला आम्हाला, ही व्यवस्था तुमची होती. सात ते दहा हे तीन तास तुम्ही आमच्याकडून विकत घेतले होते. त्यातले जवळजवळ पावणेतीन तास तुम्ही दुसऱ्याला देऊन टाकलेत आणि उरलेल्याच्या हिशेबानं आमची बिदागी कापलीत.

मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "डीजेवर पण भीमगीतच वाजते न ताई, फरक काय पडते?"

फरक सांगते. हे मनापासून सांगते, कारण तुमचं हे बोलणं पैशाहून जास्त लागलं.

त्या खोक्यात जो आवाज होता तो कुणाचा तरी गळा होता. कुणीतरी तो शब्द बसवला, चाल लावली, गावोगाव म्हटला, मग तो कधीतरी ध्वनिमुद्रित झाला, आणि कुणीतरी त्याचा वेग दुप्पट करून खाली ठोका घातला. गाणं तिथे जन्मलं नाही, तिथे फक्त आलं. जन्मलं ते चालणाऱ्या माणसांच्या पायाशी. जोतिबांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, त्याच्या पुढच्या काळात सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले. लोकांना तमाशाची सवय होती, म्हणून जलसेवाले ढोलकी-तुणतुण्यासकट आले आणि गवळणीच्या जागी शिक्षणाचं, सावकाराचं, भटजीच्या लुबाडणुकीचं बोलले. मग नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा आला. सभेला न येणारा माणूस जलशाला यायचा. १९२८ साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली असं आपण सगळेच सांगतो. त्या एका जयंतीपासून तुमच्या गल्लीतल्या जयंतीपर्यंत ती आली कशी? ती गळ्यागळ्यातून आली.

वामनदादा कर्डकांचं नाव तुम्ही भाषणात घेतलंत, मी खोलीतून ऐकलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२, गेले १५ मे २००४ ला. अक्षरओळख मोठेपणी झाली आणि त्यानंतर हजारो गाणी लिहिली. आयुष्य रस्त्यावर गेलं. एसटीनं जायचे, कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम करायचे, मिळेल ते खायचे. ते कसे राहत हे सांगणारी म्हातारी माणसं आपल्या वऱ्हाडातही आहेत. लोकशाहीर विठ्ठल उमप २०१० च्या नोव्हेंबरमध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. वऱ्हाडाचंच बोलायचं तर गाडगेबाबा. शेंडगावचा माणूस, हातात खराटा. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचं. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले आणि गाडगेबाबा चौदा दिवसांनी, वीस तारखेला. ही माणसं गावात आली तेव्हा गाव थांबून ऐकायचं. मध्ये माणूस बोलायचा, विचारायचा, रडायचा. मी गाता गाता समोरच्या बाईला विचारते, पोरगी शाळेत जाते का? ती खाली पाहते, मग मी पुढचं कडवं तिच्याकडे बघून म्हणते. खोक्याला समोर कोण बसलंय ते दिसत नाही.

पुढची पिढी गळा का तयार करत नाही असं तुम्ही त्याच भाषणात विचारलंत. माझी मुलगी बारावीला आहे. तिचा गळा माझ्याहून चांगला आहे. रात्री एकला आम्ही घरी पोहोचलो तेव्हा ती जागी होती. बापाच्या अंगठ्याला हळद लावताना तिनं विचारलं, किती मिळाले? मी सांगितलं. तिनं दुसरं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी रियाजाला बसले तेव्हा ती पुस्तक घेऊन अंगणात निघून गेली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला हवं असेल तर ते असं आहे.

आता त्या रात्रीचं जे तुम्हाला माहीत नाही ते सांगते. तुम्ही चार हजार देऊन निघून गेलात, डीजेच्या पोरांबरोबर. आम्ही पेटी गोधडीत बांधत होतो. मंडपात सतरंज्या गोळा करणं चाललं होतं, आणि एक म्हातारी बारदान्यावरून उठायलाच तयार नव्हती. पांढरं लुगडं, पायात प्लास्टिकची चप्पल, जवळ पाण्याची बाटली. मी जवळ गेले तेव्हा तिनं माझा हात धरला.

"माय, आताच नोका जाऊ. म्या दिवस बुडाल्यापासून जागा धरून बसली हाव. माईक नाई तं नाई. माहे कान शाबूत हायत."

मी म्हटलं, आजी, दहा वाजले, आता उघड्यावर वाजवता येत नाही.

"मंग माह्या घरात चाल. घरात त कोनी येत नाई?"

आम्ही गेलो. दहा बाय बाराची खोली, वर टिनपत्रं, एका कोपऱ्यात धान्याची कोठी, चुलीच्या वर कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती. आम्ही दार लोटून घेतलं. यांनी ढोलक मांडीवर घेतला आणि नुसत्या बोटांनी वाजवला, पूर्ण हात उघडलाच नाही. मी पेटीचा भाता अर्धाच हलवला. खोलीत वीस-पंचवीस माणसं कशी मावली ते सांगता येणार नाही, काही दारात उभी होती, दोन पोरं कोठीवर चढून बसली होती. त्यातला एक तुमच्या डीजेसमोर नाचत होता, मी त्याचा निळा फेटा ओळखला. तो मांडी घालून बसला होता आणि त्याला शब्द येत होते. उरलेली पाच गाणी आम्ही तिथे म्हटली. जोडीचीही. काळी दोन.

म्हातारी मधे बोलली नाही. शेवटचं गाणं झाल्यावर तिनं कमरेची पिशवी काढली. मी म्हटलं, आजी, बक्षीस नको, तुमच्याकडून घेणार नाही. ती म्हणाली, बक्षीस नाही, हे बघ. पिशवीतून घडी घातलेला एक कागद निघाला. वर्गणीची पावती. तुमच्या मंडळाची, निळ्या अक्षरात छापलेली: भीमजयंती वर्गणी, भोजनदान व प्रबोधनपर भीमगीत गायन. रक्कम १५१ रुपये. ती म्हणाली, नातू म्हणत होता पन्नास दे, पण पोरांनी सांगितलं गायन पार्टी येणार आहे, म्हणून दीडशे दिले, आणि एक रुपया वरून. ती शेतात मजुरीला जाते. दीडशे रुपये म्हणजे तिचा जवळपास दिवस.

अध्यक्षसाहेब, मी तेव्हापर्यंत समजत होते की तुम्ही फक्त आमचे सहा हजार ठेवून घेतलेत.

ते सहा हजार मी सोडणार नाही. पेटीचा भाता एका बाजूनं फाटत आलाय, तो बदलायचा आहे, आणि ढोलकच्या डाव्या बाजूचं चामडं यंदाचा हंगाम काढणार नाही. पैसे आमच्या घरी आणून द्या, पत्ता तुमच्याकडे आहे, इसार द्यायला तुम्हीच आला होतात. फोनवरून पाठवू नका. समोर बसून द्या आणि माझ्या मुलीच्या देखत द्या.

आणि पुढच्या वर्षी कुठल्याही पार्टीला बोलवा, आम्हालाच बोलवा असं मी म्हणत नाही. पण त्यांना सातला माईक द्या. मिरवणूक पाचला काढा, ऊन लागतं म्हणून कुणी मरत नाही, आम्ही त्याच उन्हातून येतो. म्हातारीला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवा, बारदाना नको. तिच्याकडे पावती आहे. नंबर मी वहीत लिहून घेतलाय आणि खाली सही तुमची आहे.

तुमच्या मंडपात दोन आणि तिच्या खोलीत पाच गाणी म्हटलेली,
पेटीवाली